त्रास्मुइनची मुकी चूल

पालिकेची नोटीस मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. ‘त्रास्मुइन नावाचे गाव कधीही अस्तित्वात नव्हते.’ कधीही! छापील अक्षरांत, खाली शिक्का, शिक्क्याखाली सही. अरे, मग एर्मितासमावशी जन्मली कुठे, ढगात?

त्रास्मुइन म्हणजे पेनासाल्वा डोंगराच्या कुशीतली दगडी घरांची एक वाडी. बाकीची घरं आता पडली. कुणी बार्सेलोनाला गेलं, कुणी स्वित्झर्लंडला, कुणी पार अर्जेंटिनाला, आणि उरलेले देवाघरी. एकाच घरात माणूस आहे, ती एर्मितासमावशी. वय शहाऐंशी, सोबत थोड्या मेंढ्या, एक म्हातारं कुत्रं आणि तोंडात कात्रीसारखी जीभ. माझी ती सख्खी मावशी नव्हे. आमच्याकडे त्या वयाच्या बाईला सगळेच मावशी म्हणतात.

आणि स्पेनच्या या कोपऱ्यात, आमच्या गालिसियात, डोंगर सरकारचा नसतो, गावाचा असतो. गाव म्हणजे कोण? ज्याचं दार उघडं आणि ज्याच्या चुलीचा धूर निघतो तो. एकच दार उघडं असेल, एकाच धुराड्यातून धूर येत असेल, तरी अख्खा डोंगर त्या वाडीचा. शेवटचा धूर थांबला की मग डोंगर पालिकेच्या घशात. आता मावशी मरायची वाट बघण्याइतका दम पालिकेला नव्हता, कारण पवनचक्कीवाले करारपत्र घेऊन दारात उभे होते. म्हणून ही शक्कल काढली. गाव मुळात नव्हतंच म्हणायचं. गाव नाही तर गावाचा डोंगर कुठला, आणि मावशीचं घर म्हणजे काय, तर पालिकेच्या जागेवरचं अतिक्रमण!

मी ओतिलिया. डोंगराखालच्या वाल्दोइरोच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून मला एकच खूळ आहे. जुने नकाशे, जुनी दप्तरं चाळून हरवलेल्या वाड्या शोधते, मग बूट चढवून तिथे जाते, काटेरी झुडपं बाजूला करून उंबरा सापडतो का पाहते. सापडला की उंबऱ्यावर बसून घरून आणलेली भाकरी खाते. लोक म्हणतात बाईंचं डोकं फिरलंय. म्हणोत बापडे. पण ओसाड वाडी शोधणं वेगळं आणि जिवंत वाडी कागदावरून खोडणं वेगळं. नोटीस पर्समध्ये कोंबली आणि तडक पालिकेत गेले.

नगराध्यक्ष देल्मिरो माझा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा.

“बाई! या, या. कॉफी घेणार?”

“कॉफी गेली खड्ड्यात. हे काय लिहिलंयस?”

“मी नाही, आमच्या वकिलांनी लिहिलंय.” त्यानं टेबलावर नकाशे पसरले, जणू मी यायची वाटच पाहत होता. “हे बघा ना बाई, आत्ताचा नकाशा. पेनासाल्वाच्या या बाजूला काही आहे? नाही. हा त्याआधीचा, लष्कराचा. काय लिहिलंय? ‘झोपड्या’. त्याच्याही आधीचा. ‘पडक्या भिंती’. आणि हा सगळ्यांत जुना, राजाच्या पाहणीचा गोषवारा. दोनशे सत्तर वर्षांपूर्वीचा. ‘वस्ती नाही. धूर नाही.’ तुम्हीच शिकवलंत ना बाई, नकाशा खोटं बोलत नाही?”

“मी शिकवलं होतं की नकाशा कुणी काढला ते आधी वाचा. तू तेव्हा खिडकीतून कबुतरं मोजत होतास.”

तो हसला. त्याचं हसू लहानपणापासून गोड आहे, म्हणून तर निवडून येतो. “मावशींना आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही हो. वृद्धाश्रमात खोली ठेवलीय त्यांच्यासाठी. चोवीस तास गरम पाणी. त्या डोंगरात एकट्या मेल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“ज्या गावात ती मरेल ते गावच नाही म्हणतोस, आणि वर तिच्या मरणाची काळजी करतोस? लाज कशी वाटत नाही रे?”

“बाई, शेवटी निर्णय जिल्ह्याचं मंडळ देणार. तुमच्याकडे कागद असेल तर आणा. माझ्याकडे आहे.” आणि त्यानं नकाशांची गुंडाळी केली. मी दार आपटून जिने उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडून जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेले. राजाची ती पाहणी मी पूर्वी पाहिली होती, पण आमच्या खोऱ्याची पानं कधी नीट वाचली नव्हती. या वेळी एकेक ओळ वाचली. लेखनिकानं काय लिहिलं होतं ऐका. ‘ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावरून पाहिले. भिंती आहेत, धूर नाही. वस्ती नसावी. खेचर लंगडत असल्याने पलीकडे गेलो नाही. अकरा मार्च.’

खेचर लंगडत असल्याने! म्हणजे हा गृहस्थ गावात गेलाच नव्हता. लांबून बघितलं, नाक शिंकरलं, ‘नसावी’ लिहिलं आणि निघाला. गोषवारा करणाऱ्यानं ते ‘नसावी’ वाचून ‘नाही’ केलं, पुढच्या नकाशावाल्यानं घरांच्या जागी ‘पडक्या भिंती’ लिहिलं. त्याच्या पुढच्यानं वाचून ‘झोपड्या’ केल्या. मग एकाला झोपड्या काढायचाही कंटाळा आला, त्यानं जागा कोरीच सोडली. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल, आणि एकालाही ओढा ओलांडावासा वाटला नाही. मुलांनी परीक्षेत अशी कॉपी केली असती तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. या लोकांना पगार मिळत होता.

मग मी चर्चची बाप्तिस्म्याची वही मागवली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘त्रास्मुइनची दोमिंगा’. जूनमध्ये ‘त्रास्मुइनचा अमारो’. पुढच्या वर्षी जुळी. जिथे वस्ती नव्हती तिथे बायका एकामागून एक बाळंत होत होत्या! मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं “घ्या!” म्हणाले आणि शेजारच्या माणसानं ‘शू’ केलं.

पण घरी येताना बसमध्ये एक प्रश्न डोकं खाऊ लागला. माणसं होती तर धूर का नव्हता? मार्च महिना, डोंगरावर तेव्हा बर्फ असतं. चूल न पेटवता माणूस तिथे जगेल कसा? देल्मिरोचा वकील नेमकं हेच विचारणार, मेंढपाळ येत-जात असतील म्हणणार. लेखनिक आळशी होता, कबूल. पण आंधळा नव्हता.

रविवारी त्रास्मुइनला गेले. मावशी चुलीपुढे बसून सुपासाठी सलगमचा पाला चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं, लंगडं खेचर, कोरे नकाशे, सगळं. ती चिरता चिरता ऐकत होती, मधूनमधून लेखनिकाच्या आईचा उद्धार करत होती.

“आणि म्हणे अकरा मार्चला धूर नव्हता,” मी म्हणाले.

तिचा सुरा थांबला. “अकरा मार्चला कसा असेल धूर? त्या दिवशी चूल मुकी.”

“म्हणजे?”

“मुकी म्हणजे मुकी. आदल्या रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची. दिवसभर पेटवायचं नाही. उकडलेले चेस्टनट गार खायचे, राय धान्याची भाकरी, गार दूध. मेंढ्या घरात घ्यायच्या, पोरांनी बाहेर हुंदडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्यात पूर्वीपासून आहे.”

“कुणाच्या नावानं करता?”

“असेल कुठल्यातरी संताच्या. पाद्रीबाबांना विचारलं होतं मी एकदा. ते म्हणाले, अकरा मार्चला असला कुणी संत नाही. मी म्हटलं, तुमच्यात नसेल, आमच्यात आहे.”

मी कपाळाला हात लावला आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. राजा चुलींवर कर लावत होता. जितक्या चुली तितका कर आणि तितके पोरगे सैन्यात. लेखनिक येतोय ही बातमी खालच्या खोऱ्यातून वर आली असणार, आणि त्रास्मुइनच्या लोकांनी सगळ्या चुली राखेखाली झाकून, मेंढ्या आत घेऊन, पोरांच्या तोंडावर हात ठेवून तो अख्खा दिवस अंधारात काढला. तो गेला. पण पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा आला तर? म्हणून पुढच्या वर्षीही झाकल्या. मग त्याच्या पुढच्या वर्षी. भीती कशाची होती ते नातवंडं विसरली, आणि मुकी चूल तेवढी राहिली.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती खूश होईल. तिनं सुरा खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे आमचं गाव आम्हीच पुसलं म्हण की.”

“तुम्ही नाही पुसलं. पोरं वाचवली.”

“तेच ते.” आणि तिनं पाला पातेल्यात टाकला. मला तिचा राग आला नाही, राजाचा आला. दोनशे सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा राग येतो का कुणाला? मला आला.

मी मंडळाला सविस्तर टिपण पाठवलं. पाहणीचं पान, बाप्तिस्म्याच्या नोंदी, मुक्या चुलीची चाल, तारीख. नियमाप्रमाणे एक प्रत पालिकेला. मंडळाचं उत्तर चांगलं आलं. वाडी पूर्वापार होती हे मान्य, आता प्रश्न एवढाच की आज तिथे उघडं दार आणि धूर आहे का. ते पाहायला आमच्या निरीक्षक एप्रिलमध्ये येतील. मी ते पत्र घेऊन बेकरीत गेले, तिथल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आता काय, मावशी रोज चूल पेटवते, निरीक्षक येणार, धूर बघणार, संपलं.

आठवड्यानं दुसरं पत्र आलं. पालिकेच्या विनंतीवरून पाहणीची तारीख अलीकडे घेतली आहे. अकरा मार्च.

मी खुर्चीतच बसले. अरे देवा! माझंच टिपण वाचून त्यानं माझाच गळा कापला. मी मेहनतीनं शोधलेली तारीख त्या नालायकानं सुरीसारखी उचलली. मंडळाला फोन केला. “बाई, निरीक्षक एकदाच येतात, सारखी तारीख बदलता येत नाही,” पलीकडचा माणूस म्हणाला. “आणि एक दिवस चूल पेटवायला हरकत काय आहे?”

हरकत काय आहे ते त्याला कुणी सांगावं. दहा मार्चला दुपारी मी मावशीकडे गेले, मुक्कामाच्या तयारीनंच गेले.

“मावशी, उद्या चूल पेटवायची.”

“नाही.”

“अगं, तो संत नाहीये! तो कर चुकवायचा डाव होता, मी सांगितलं ना तुला?”

“सांगितलंस. मी बहिरी नाही.”

“मग?”

“माझा भाऊ तापानं फणफणला होता त्या वर्षीसुद्धा आईनं अकरा तारखेला चूल पेटवली नव्हती. घोंगड्यात गुंडाळून त्याला पोटाशी धरून बसली होती दिवसभर. आणि मी आता कुणासाठी पेटवू? पवनचक्कीसाठी?”

“डोंगरासाठी! या घरासाठी! उद्या तुला उचलून वृद्धाश्रमात नेऊन टाकतील, कळतंय का तुला?”

“ओरडू नकोस, कुत्रं घाबरतं.” तिनं चिमट्यानं निखारे एकत्र केले. “ओतिलिया, तू शिकलेली आहेस, तूच सांग. तेव्हा एक कागदवाला आला, तो म्हणाला तुम्ही आहात तर पैसे द्या, पोरगे द्या. म्हणून आम्ही नाही झालो. आता दुसरा कागदवाला येतो, तो म्हणतो तुम्ही आहात हे दाखवा, नाहीतर डोंगर द्या. म्हणजे दरवेळी तो येणार, आणि त्याला हवं तसं आम्ही असायचं किंवा नसायचं. हा कुठला न्याय? मी रोज चूल पेटवते. वर्षातून एक दिवस नाही पेटवत. मी आहे. त्याला दिसत नसेल तर त्यानं डोळे तपासून घ्यावेत.”

“मी पेटवते मग. तू बाहेर जाऊन बस.”

तिनं चिमटा माझ्या नाकासमोर धरला. “माझ्या चुलीला हात लावलास तर बाई म्हणून सोडणार नाही.”

मी त्या रात्री इतकी चिडले होते की तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवून झोपले. सकाळी उठले तर चूल राखेखाली, आणि चुलीपुढची बाकं उलटी फिरवलेली. मी सवयीनं चुलीकडे तोंड करून बसले.

“पाठ कर,” मावशी हळू आवाजात म्हणाली.

“काय?”

“आज चुलीकडे पाठ करून बसायचं. तिच्याकडे बघितलं तर ऊब मागावीशी वाटते.”

हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पाठ करून बसले. थंडीनं दात वाजत होते आणि मनातल्या मनात मी सगळ्यांना शिव्या घालत होते, राजाला, देल्मिरोला, मावशीला आणि स्वतःच्या टिपणालासुद्धा.

दहाच्या सुमारास गाडीचा आवाज आला. निरीक्षक इरिया नावाची तिशीतली मुलगी होती, चिखलात चालायचे बूट घालून आलेली, हे बघून मला जरा बरं वाटलं. तिच्यामागे देल्मिरो, इस्त्रीचा कोट घालून. तो अंगणात उभा राहिला, धुराड्याकडे बघितलं आणि तिला म्हणाला, “बघा. तुम्हाला आत जायचीसुद्धा गरज नाही.”

“मी आत जाते,” इरिया म्हणाली. “पूर्वी एकजण गेला नव्हता, मी टिपण वाचलंय.”

मला तिला मिठी मारावीशी वाटली. ती आत आली, मावशीला नमस्कार केला, दार, खाट, भिंतीला टांगलेलं डुकराचं मांस, सगळं पाहिलं. मग वाकून चुलीच्या दगडावर तळहात ठेवला. “गरम आहे,” ती म्हणाली.

“दगड गरम आहे,” देल्मिरो म्हणाला. “नियमात दगड नाही, धूर आहे. दार उघडं आणि धूर. मॅडम, मी काही वाईट माणूस नाही, पण नियम म्हणजे नियम. धूर नाही असं लिहा आणि आपण निघू.”

“अरे निर्लज्जा!” मी उठलेच. “तारीख तूच मागून घेतलीस! माझं टिपण वाचून, आज इथे चूल पेटत नाही हे ठाऊक असताना! आणि वर नियम सांगतोस?”

“बाई, तारीख कुणीही मागू शकतो.”

“आवाज खाली,” मावशी म्हणाली. “आजच्या दिवशी भांडू नका. घरी आलाय ना, आधी खा. मग लिहा काय लिहायचंय ते.” तिनं टेबलावर उकडलेले गार चेस्टनट ठेवले, भाकरी ठेवली, दुधाचे पेले भरले, आणि कोपऱ्यातली दोन स्टुलं पुढे सरकवली.

इरिया स्टुलावर बसली, अर्थातच चुलीकडे तोंड करून. थंडीतून आलेला कुणीही तसाच बसेल. देल्मिरोनं मोबाइल पाहता पाहता दुसरं स्टूल उचललं, गर्रकन फिरवलं आणि चुलीकडे पाठ करून बसला. मोबाइल खिशात टाकला, चेस्टनट उचलला, सोलला, आणि एक शब्द न बोलता खाऊ लागला.

मी बघतच राहिले. माझ्या टिपणात तारीख होती, राख होती, गार दूध होतं. पाठीचं नव्हतं. असणार कुठून, मलाच ते सकाळी कळलं होतं.

मावशीनं पण पाहिलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि आमच्या डोंगरात अनोळखी माणसाला विचारतात तो पहिला प्रश्न तिनं त्याला विचारला.

“तू कुणाचा रे?”

देल्मिरोचा हात भाकरीवरच थांबला. “मी? मी नगराध्यक्ष—”

“ते नव्हे. तू कुणाचा? आज चुलीकडे पाठ करून बसायला तुला कुणी शिकवलं?”

तो खाली बघायला लागला, स्वतःच्या स्टुलाकडे, जणू ते आपोआप फिरलं होतं. कान लाल झाले. शाळेत गृहपाठ विसरला की व्हायचे तसेच.

“आजी बसायची,” तो पुटपुटला. “खाली वाल्दोइरोत. वर्षातून एकदा. आम्हाला पण बसवायची.”

“नाव काय आजीचं?”

“पर्फेक्ता.”

“त्या पलीकडच्या घरातली पर्फेक्ता.” मावशीनं खिडकीतून बोट दाखवलं. तिथे आता नुसती भिंत आणि भिंतीतून उगवलेलं अंजिराचं झाड आहे. “खालच्या शिंप्याशी लग्न करून गेली ती. मी तिच्या वरातीत नाचलेय. म्हणजे तुला टिपण वाचायची गरजच नव्हती. तारीख तुला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. आणि सही करून लिहितोस, हे गाव कधी नव्हतंच?”

त्यानं भाकरीवरचा हात मागे घेतला. मला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. आनंद नाही झाला, उलट आणखी चीड आली. आत्तापर्यंत मला वाटत होतं हा अडाणी आहे, कॉपीबहाद्दर आहे, ओढा न ओलांडणाऱ्या त्या सगळ्यांसारखाच. पण याला ओढा ओलांडायची गरजच नव्हती. हा ओढ्याच्या पलीकडचाच होता. आजीचं गाव माहीत असून त्यानं ते खोडलं, आणि खोडायला हत्यार आजीनंच दिलेलं वापरलं.

“श्रीमान नगराध्यक्ष,” इरियानं शांतपणे विचारलं, “आजी कुठल्या गावची, ते जरा मोठ्यानं सांगता? मला नोंद करायची आहे.”

देल्मिरोनं खिडकीबाहेरच्या अंजिराच्या झाडाकडे बघितलं.

“त्रास्मुइनची,” तो म्हणाला.

इरियानं फाइल मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं. “दार उघडे. चूल जिवंत, दगड उबदार. आज धूर नाही, कारण या दिवशी चूल न पेटवण्याची गावाची चाल आहे. ती चाल उपस्थित नगराध्यक्षांनीही पाळली.” मग तिनं मान वर केली. रकाना गावकऱ्यांच्या संख्येचा होता. ती देल्मिरोकडे पाहून थोडं हसली, मावशीला बरं वाटावं म्हणूनच असेल. “मग मावशी, किती लिहू? दोन?”

देल्मिरोनंही मान वर केली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर खरंच आशा होती.

मावशीनं त्याच्या पुढ्यातली चेस्टनटची ताटली उचलून टेबलाच्या या टोकाला ठेवली.

“एक लिही पोरी,” ती म्हणाली. “याला मोजू नकोस.”